तिसऱ्या नावाची जागा

माझ्या आईचे डोळे घारे आहेत. मॉरिसव्हिलच्या मराठी मंडळींच्या गुढीपाडव्याला तिला पहिल्यांदा नेलं, तेव्हा जेवणाच्या रांगेत पुढच्या काकूंनी वळून विचारलं, "तुम्ही कोकणस्थ का हो?" आयुष्यभर हा प्रश्न आला की आई नुसती हसायची आणि समोरच्याला हवं ते समजू द्यायची. त्या दिवशी तिने सरळ सांगितलं, "नाही. माझे आजोबा वेल्सचे." काकूंना वेल्स हे विदर्भातलं एखादं गाव वाटलं असावं. "अच्छा, अच्छा," म्हणत त्यांनी श्रीखंडाची वाटी उचलली आणि पुढे सरकल्या.

गाडीत मी विचारलं, आजच का सांगितलंस? ती म्हणाली, आता लपवायचं कुणासाठी? सगळे गेले.

सगळे म्हणजे मुख्यतः मामा. तो मागच्या दिवाळीनंतर नाशिकला वारला. आईचा एकुलता एक भाऊ, मूलबाळ नाही. त्याचे दिवस झाल्यावर मी आईला इकडे, परदेशात, माझ्याजवळ घेऊन आले. तिच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, आणि इथल्या डॉक्टरने सुचवलेलं ऑपरेशन तिने दोन वाक्यांत नाकारलं. मी वाद घातला नाही. तिच्या शरीराचा निर्णय तिचा.

आईचे आजोबा, म्हणजे माझे पणजोबा, वेल्सहून हिंदुस्थानात आले ते रेल्वेच्या कामाला. इगतपुरीच्या घाटात पुलांच्या आणि बोगद्यांच्या दगडकामावर ते देखरेख करत. तिथल्याच एका बाईबरोबर त्यांनी संसार केला. लग्न झालं होतं की नाही, हे आमच्याकडे कुणी विचारलं नाही आणि मीही आता ठरवायला बसलेले नाही. मुलगा लहान असतानाच ते तापाने गेले. त्या मुलाला, म्हणजे माझ्या आजोबांना, त्यांच्या मामाने वाढवलं, स्वतःचं आडनाव दिलं, आपल्यातलाच करून टाकलं. पण आजोबा मोठे झाल्यावर दर सर्वपित्री अमावास्येला बापाच्या नावाने पाणी सोडू लागले. साहेबाचं कसलं श्राद्ध, असं लोक म्हणाले असतील. ते करत राहिले. त्यांच्यानंतर माझ्या मामाने चालू ठेवलं.

तर्पणात तीन पिढ्यांची नावं घ्यावी लागतात: वडील, आजोबा, पणजोबा. मामाला पहिली दोन ठाऊक होती. तिसरं, म्हणजे त्या वेल्सच्या माणसाच्या वडिलांचं नाव, कुणालाच ठाऊक नव्हतं. शास्त्राने याचीही सोय करून ठेवली आहे. ज्याचं नाव माहीत नाही त्याच्यासाठी एक ठरलेला शब्द आहे. गुरुजी तो म्हणतात आणि पुढे जातात. आमच्या घरात वर्षानुवर्षं त्या जागी तो शब्द म्हटला गेला.

मामा गेल्यावर करणारं कुणी उरलं नाही. मे महिन्यात एकदा लसूण सोलता सोलता आई म्हणाली की यंदा ती स्वतः करणार आहे. मी आमच्या गुरुजींना फोन केला. ते आठवडाभर एका कंपनीत सर्व्हर सांभाळतात आणि सुटीच्या दिवशी पूजा सांगतात. त्यांचं म्हणणं, पुण्यात बायका पौरोहित्य करतात, मग काकूंनी तर्पण का करू नये? फक्त तीन नावं आधी व्हॉट्सअ‍ॅप करून ठेवा.

"तिसऱ्याला तो शब्द घालायला सांगू ना?" मी आईला विचारलं.

"नको," ती म्हणाली. "मला खरं नाव पाहिजे. पुढच्या सर्वपित्रीला मी असेन की नाही कुणी सांगावं. आपला माणूस असून इतकी वर्षं त्याला बिननावाचं पाणी दिलं. एकदा तरी नावाने मिळू दे."

श्राद्धावर माझा विश्वास नाही. पण हाती नसलेली माहिती मिळवणं हे काम मला जमतं. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. इतरांनी काय गृहीत धरलंय आणि ते कुठे चुकलंय, हे शोधण्याचा मला पगार मिळतो.

हातात होता एक फोटो. घाटातल्या जुन्या गोऱ्या लोकांच्या दफनभूमीत पणजोबांची कबर आहे. मामाने तिथे जाऊन तो काढला होता. दगडावर त्यांचं नाव, वेल्समधल्या गावाचं नाव आणि मृत्यूसमयीचं वय. वयावरून जन्माचं साल निघत होतं. त्या गावच्या चर्चची जुनी दप्तरं, बाप्तिस्म्यांची आणि दफनांची, आता कुणीही घरबसल्या पानापानाने बघू शकतं. मला वाटलं, एका शनिवारचं काम आहे.

ते तसं नव्हतं. गाव छोटं आणि नावं त्याहून थोडी. मुलाला आजोबांचं नाव, आडनाव अर्ध्या गावाचं एकच. पणजोबांच्या नावाची मुलं पानोपानी होती. वर गावातले बरेच लोक चर्च सोडून दुसऱ्या प्रार्थनामंदिरात जाणारे, त्यांच्या नोंदी वेगळीकडे. आधार होता तो घरांचा. तिथे घरांना नंबर नव्हते, नावं होती, आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत मुलाचं नाव, आईबापांची नावं, घराचं नाव आणि बापाचा धंदा इतकं लिहिलेलं असे. माणसं सारख्या नावांची असली तरी घरं वेगवेगळी होती.

मी डायनिंग टेबलावर लॅपटॉप घेऊन बसायची, आई समोर काहीतरी निवडत. ती मधूनमधून म्हणायची, "बाबा सांगायचे, त्यांचे आजोबा पाट्या करायचे. शाळेतल्या पाट्या." मी बरं म्हणायची आणि पान उलटायची. पाट्यांचं दुकान असेल, म्हटलं. त्याचा मला उपयोग नव्हता.

जूनमध्ये एक नोंद सापडली. नाव तेच, साल कबरीवरच्या वयाशी तंतोतंत जुळणारं. बाप खाणकामगार. त्या गावात खाण कसली होती ते मी बघितलं. करडा दगड, पातळ पातळ थर सुटणारा. छपरांवर घालायचा. आणि त्याच्याच पाट्या व्हायच्या.

मी स्क्रीन आईकडे वळवली. तिला इंग्रजी वळणदार अक्षर लागत नाही, पण मी बोट ठेवलं तिथे ती बघत राहिली. "बघ," म्हणाली, "पाट्या."

त्या बापाच्या नावात एक उच्चार आहे जो आपल्याकडे नाही. जीभ टाळूला टेकवून कडेने वारा सोडायचा. मी तो नेटवर ऐकवला. आईने नाव देवनागरीत एका चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि चहा ठेवताना, कपड्यांच्या घड्या घालताना म्हणू लागली. माझी मुलगी कॉलेजमधून आली होती, ती म्हणाली, "आजी, यू साउंड लाइक अ लीकिंग टायर." आई म्हणाली, "तुझ्या मराठीपेक्षा बरं आहे."

नाव मी गुरुजींना पाठवून दिलं.

पास झालेली टेस्ट मी पुन्हा एकदा चालवून बघते. सवय आहे. म्हणून दोनेक आठवड्यांनी दफनांची दप्तरं उघडली. तिथे तो होता. तेच नाव, तेच घर, वय दोन वर्षं. आमचा म्हणून घरी आणलेला मुलगा वेल्स सोडण्याआधी, चर्चच्या मागच्या जमिनीत, दोन वर्षांचा असतानाच गेला होता.

आईला सांगितलं. "म्हणजे तो आपला नव्हे," मी म्हटलं.

"कशाने गेला?"

"लिहिलेलं नाही."

"दोन वर्षांचा म्हणजे बोलत असेल," आई म्हणाली.

मी ते घर यादीतून काढून टाकलं आणि पुढे निघाले. मुलगा गेला म्हणजे त्या घरातलं ते नाव संपलं, यात तपासायचं काय होतं? गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला कोण ठेवतं?

जुलैत दुसरा मुलगा मिळाला. गावाच्या दुसऱ्या टोकाचं घर, साल एका वर्षाने मागेपुढे, बाप जोडे शिवणारा. दफनांच्या पुढच्या दहापंधरा वर्षांत त्याचं नाव नव्हतं, म्हणजे तो लहानपणी गेला नव्हता. मी समाधानी होते. आई नव्हती.

"पण पाट्या?" ती म्हणाली.

"अगं, सांगता सांगता गोष्टी बदलतात. आजोबांनी तरी त्यांच्या आजोबांना कुठे बघितलं होतं?"

"जोडे शिवणारा असला तर माझी काही हरकत नाही. पण तो आपला आहे का?"

मी म्हटलं, माझ्याकडे दुसरा कुणी नाही. तिने याही नावाची चिठ्ठी लिहिली आणि फ्रिजला चुंबकाखाली लावली. पण ते नाव ती म्हणून बघत नव्हती. मी रोज दूध काढताना चिठ्ठी बघायची. गुरुजींना नवं नाव पाठवलं. त्यांनी अंगठा टाकला.

ऑगस्टमध्ये मी त्या गावच्या चर्चला ईमेल केला. चर्चचा इतिहास सांभाळणारी एक बाई आहे, निवृत्त शिक्षिका, तिला माझ्या दोन्ही नोंदी पाठवल्या आणि जोडेवाल्याबद्दल आणखी काही मिळतं का विचारलं. तिने व्हिडिओवर बोलू या म्हटलं. पांढरे केस, मागे खिडकीत पाऊस. मी तिला क्रमाने सगळं सांगितलं. तिने मध्ये तोडलं नाही. मग विचारलं, खाणकामगाराच्या घरात दफनानंतर बघायचं का थांबलात?

मी म्हटलं, मुलगा गेला म्हणून.

आणि त्याच्यानंतरचा मुलगा?

त्याचं नाव वेगळं असणार, मी म्हटलं.

समोरच्याला ओशाळवाणं वाटू नये म्हणून शिक्षक आवाज उतरवतात, तसा तिने उतरवला. मग तिने सांगितलं की त्यांच्याकडे तेच नाव पुन्हा ठेवत. अगदी सर्रास. ते नाव आजोबांचं असे, ते घरात असलंच पाहिजे. एक मूल गेलं तर पुढच्याने ते उचलायचं. तिच्या स्वतःच्या आजीला असंच मोठ्या बहिणीचं नाव मिळालं होतं.

आमच्याकडे जुन्या काळी मुलं जगत नसली की पुढच्याला धोंड्या, दगड्या असं काहीतरी नाव ठेवत, मी तिला सांगितलं. मृत्यूची नजर पडू नये म्हणून. गेलेल्याचं नाव तर कुणी तोंडातही आणत नाही.

"दोन्हीकडे भीती एकच दिसते," ती म्हणाली.

तिने मला पान सांगितलं नाही. गरज नव्हती. फोन ठेवून मी बाप्तिस्म्यांचं दप्तर उघडलं आणि त्या घराचं नाव धरून पुढे गेले. दफनानंतरच्या पुढच्याच हिवाळ्यात तो होता. तेच घर, तेच आईबाप, तेच नाव. कबरीवरचं वय तीन वर्षांनी जास्त लिहिलेलं होतं, इतकंच. कामावर लागताना वाढवून सांगितलं असेल, किंवा पुरणाऱ्यांनी अंदाजाने लिहिलं असेल. त्या बाईने दोन दिवसांनी जोडेवाल्याच्या मुलाचंही कळवलं. तो बापाच्याच दुकानात बसला, म्हातारा झाला आणि त्याच गावात पुरला गेला. तो कधी कुठे गेलाच नव्हता.

आईला सांगायला मी स्वयंपाकघरात गेले. ती घेवड्याच्या शेंगा मोडत होती.

"पहिलंच नाव बरोबर होतं," मी म्हटलं. "पाट्यावाला."

तिने मान हलवली, जणू मलाच उशीर झाला होता. मग मी कसं ते सांगितलं. आधीचा गेला आणि याला तेच नाव ठेवलं, हे ऐकल्यावर तिचे हात थांबले.

"तेच?"

"तेच. त्यांच्यात रीत होती."

"म्हणजे तिने रोज त्याच नावाने हाक मारायची," आई म्हणाली. "जेवायला ये म्हणून. अंगणातून आत ये म्हणून." आणखी एक शेंग मोडून ती म्हणाली, "कसं जमलं असेल तिला. मी तर कुणाला ठेवू दिलं नाही."

"काय?"

"तुझ्या आधीच्याचं नाव. तुझ्या धाकट्या काकूला फार आवडलं होतं, तिला मुलगा झाला तेव्हा तिने विचारलं. मी नको म्हटलं. त्यावरून ती माझ्याशी वर्षभर धड बोलली नाही."

माझ्या आधी एक मुलगा झाला होता आणि तो जगला नाही, एवढं मला माहीत होतं. एका आत्याने कधीतरी ओघात सांगितलं होतं. मी धरून चालले होते की तो बारशाच्याही आधी गेला असेल.

"बारसं झालं होतं त्याचं?"

"थाटात," आई म्हणाली. "मग पावसाळ्यात गेला."

मी नाव विचारलं नाही. तिने सांगितलं नाही. ड्रायर वाजला, मी कपडे काढायला गेले. परत आले तर शेंगा मोडून झाल्या होत्या.

सर्वपित्री आठवड्याच्या मध्ये आली. दक्षिणेकडे कुठेतरी वादळ धडकलं होतं आणि त्याचं उरलंसुरलं पाणी आमच्यावर पडत होतं. गुरुजी सकाळी लवकर आले, नऊला त्यांची मीटिंग होती. आईचे गुडघे जमिनीवर बसू देत नाहीत, म्हणून डेकवरच्या छपराखाली तिला खुर्ची दिली आणि समोर स्टुलावर ताम्हण, तांब्या, पळी, काळे तीळ, दर्भ असं सगळं मांडलं. गुरुजींनी ओला रेनकोट कठड्यावर टाकला आणि विचारलं, "गोत्र?"

आई माझ्याकडे बघायला लागली. हे आम्ही विसरलोच होतो. मामा कुठलं सांगायचा तेही तिला आठवेना.

"काश्यप लावतो," गुरुजी म्हणाले. "ज्यांना गोत्र माहीत नसतं ते सगळे काश्यप."

"वेल्सचेसुद्धा?" आईने विचारलं.

"कश्यपाने आजवर कुणाला परत पाठवलेलं नाही, काकू."

मग सुरू झालं. आईच्या उजव्या हातावर मी पळीने पाणी घालत होते आणि ते अंगठ्याच्या बाजूने तिळांसकट ताम्हणात पडत होतं. पहिलं तिच्या वडिलांचं नाव. दुसरं आजोबांचं. तिसऱ्याला गुरुजी फोनमध्ये बघून अडखळले. मीच दोनदा नावं बदलून पाठवली होती, आणि त्यातला तो उच्चार त्यांच्या जिभेला बसेना.

"काकू, तुम्हीच म्हणा."

आई म्हणाली. स्पष्ट, त्या कडेने सोडायच्या वाऱ्यासकट. तीन वेळा नाव, तीन वेळा पाणी. बापापासून आजोबांपर्यंत येऊन जिथे दरवर्षी तो ठरलेला शब्द यायचा, तिथे त्या माणसाचं स्वतःचं नाव आलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. ती फक्त हाताकडे बघत होती, पाणी नीट पडतंय ना म्हणून.

शेवटी, ज्यांचं मागे कुणी उरलं नाही अशा सगळ्यांसाठी पाणी सोडतात. गुरुजींनी ते सांगितलं आणि आईने हात पुढे केला. पण मंत्र सुरू व्हायच्या आधी तिने पुन्हा तिच्या आजोबांचंच नाव घेतलं.

"काकू, हे नाव मघाशी झालं," गुरुजी हळू म्हणाले.

"तो दुसरा होता," आई म्हणाली. "हा पहिला."

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "तिच्या आजोबांचे मोठे भाऊ. दोन वर्षांचे असताना गेले." गुरुजी म्हणाले की इतक्या लहानाला श्राद्ध सांगितलेलं नाही. मग त्यांनी तिच्या हाताकडे बघितलं. तो पुढेच होता. "घाला पाणी," ते मला म्हणाले. मी घातलं.

आईने हात मागे घेतला नाही. तसाच धरून तिने आणखी एक नाव घेतलं, मोठ्याने, जसं घरातल्या घरात कुणाला हाक मारतात तसं. आपल्याकडचं अगदी साधं नाव. माझ्या वर्गात त्या नावाची दोन मुलं होती आणि एकाला मी तिच्यासमोर कितीदा हाका मारल्या असतील. ते मी इथे लिहीत नाही. गुरुजींनी काही विचारलं नाही. मी पळी भरली आणि तिच्या हातावर रिकामी केली.

त्यानंतरच्या एका पाण्याला ती नुसतीच पुटपुटली. मला ऐकू आलं नाही.

गुरुजी दक्षिणा आणि खिरीचा डबा घेऊन मीटिंगला गेले. ताम्हणातलं पाणी मी पावसातच जाऊन अंगणातल्या झाडाच्या मुळाशी ओतलं. भांडी विसळली, दर्भ वेगळे ठेवले. फ्रिजवरची चिठ्ठी अजून तिथेच होती. ती काढून टाकायला मी हात लावला तेव्हा आई मागून चहा मागायला आली.

"त्यालाही दिलं मी शेवटी," ती चिठ्ठीकडे बघून म्हणाली. "जोडेवाल्याला. महिनाभर उगाच त्याला आपला म्हणून इथे लटकावून ठेवलं होतं."

मी चिठ्ठी चुंबकाखाली परत लावली आणि चहा ठेवला.